कोऱ्या खोलीतला भागाकार

प्रोसेसरच्या धंद्यात दोनच कंपन्या होत्या, आणि त्या धंद्यातली माणसं त्यांना नावानं कधी ओळखत नसत. एक थोरली, एक धाकटी. एका घरात दिलेल्या दोन जावाच म्हणा ना. थोरलीचा शब्द बाजारात चाले, आणि धाकटीनं कितीही राबावं, गिऱ्हाईक दुकानात शिरल्या शिरल्या विचारायचं, "आत थोरलीचाच आहे ना हो?"

एके काळी दोघींचं बरं होतं. यंत्रं बनवणारे बडे खरेदीदार तेव्हा थोरलीला सांगत, "एकट्या तुमच्यावर विसंबून आम्ही राहणार नाही. उद्या तुमच्या कारखान्याला आग लागली तर आम्ही काय हात चोळत बसायचं?" म्हणून थोरली आपल्या चिपचे नकाशे धाकटीला देई आणि धाकटी हुबेहूब तसाच माल काढी. पुढे थोरली इतकी मोठी झाली की खरेदीदारच तिच्या दारात ताटकळू लागले. गरज सरली. तिनं नकाशे देणं बंद केलं, आणि वर बजावलं की आमची नक्कल केलीत तर कोर्टात खेचू.

धाकटीपुढे एकच वाट उरली. थोरलीच्या चिपसारखीच वागणारी चिप बनवायची, पण ती बनवणाऱ्यानं थोरलीच्या चिपचं पोट कधी पाहिलेलं नसावं. तसं कोर्टात सिद्ध करता आलं, तर ती नक्कल ठरत नाही. म्हणून कंपनीनं तिसऱ्या मजल्यावर मधोमध प्लायवूडची भिंत घातली आणि एका मोठ्या खोलीच्या दोन खोल्या केल्या.

एक पाहिलेली खोली, म्हणजे चिपचं पोट पाहिलेल्यांची. तिथली माणसं थोरलीची चिप बाजारातून विकत आणत, तिचं कवच आम्लात विरघळवत, एकेक थर खरवडून मायक्रोस्कोपखाली फोटो काढत. ते फोटो जोडून जमिनीवर सतरंजीएवढे पसरत आणि पायमोजे घालून त्यांवर रांगत. आत काय आहे ते सगळं त्यांना दिसे, पण लिहायचं मात्र बाहेरून दिसेल तेवढंच. काय दिलं, काय परत आलं, चिपच्या घड्याळाच्या किती ठोक्यांनी आलं. दुसरी कोरी खोली. तिथल्या माणसांनी ते कागद वाचायचे आणि आपल्या अकलेनं चिप रचायची. मधल्या दारात टेबल टाकून वकीलबाई बसत. प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जाई. आतलं काही लिहिलेलं दिसलं की त्या खोडत, आणि मग शिक्का मारत. दोन्ही खोल्यांची दारं वेगळी, जिने वेगळे, कँटीनच्या वेळाही वेगळ्या.

कोऱ्या खोलीत ज्याच्याकडे चिपचा जो भाग, तेच त्याचं नाव पडलं होतं. आपल्या माणसाकडे भागाकार होता, म्हणून तो भागाकारवाला. चाळिशीला टेकलेला, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, आणि दोन माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडणारा. आकडे आणि पुस्तकं यांच्याशी त्याचं छान जमे. माणसांचं कोडं त्याला कधी सुटलं नाही.

भिंत नव्हती तेव्हा त्याच्या शेजारच्या टेबलावर आखणीवाली बसे. चिपमधल्या तारा कागदावर आखायचं तिचं काम. रंगीत पेन्सिलींना टोक काढता काढता ती त्याच्याही पेन्सिली उचलून घेई, न विचारता, आणि टोकं करून परत ठेवी. मान वर न करता बोलायची तिला सवय होती. "तुमचा तो पंखा माझे कागद उडवतोय," असं ती म्हणाली की तो पंखा बंद करून घामाघूम होत बसे. तिला काहीतरी विचारावं असं त्याच्या मनात फार होतं. काय विचारावं हे ठरवण्यात त्याची काही वर्षं गेली.

मग त्याची आई आजारी पडली. तो लांब रजेवर गेला. नेमक्या त्याच काळात थोरलीकडून शेवटचे नकाशे आले होते, ते आखणीवालीनं पाहिले, त्यानं पाहिले नाहीत. आईचं सगळं आटोपून तो परतला तेव्हा मजल्यावर रंगाचा वास होता, भिंत उभी होती, आणि ती पलीकडे होती. त्याच्या पेन्सिलींची टोकं तेव्हापासून त्याची त्यालाच काढावी लागली.

वकीलबाईंनी सगळ्यांकडून नियमांवर सह्या घेतल्या. भागाकारवाल्यानं सही केली आणि नियम असा काही मनावर घेतला की विचारू नका. आखणीवाली फुटपाथवर समोरून येताना दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. एकदा ती जिन्याच्या तोंडाशी छत्री मिटत उभी होती, तर हा पठ्ठ्या भिजत मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिला. आपण बोललो तर उद्या कोर्टात थोरलीचा वकील शपथेवर विचारील, आणि सगळ्यांच्या कष्टांवर पाणी पडेल, असं तो स्वतःला समजावी. पलीकडे गेल्यावर मात्र मान वळवून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही. पाहण्याविषयी नियमात काही नव्हतं.

त्याला एक आधार होता, तो कागदांचा. पलीकडून येणाऱ्या कागदांवर नाव नसे, नुसता क्रमांक असे. भागाकाराची पानं एकाच क्रमांकाची येत आणि त्यांतली भाषा काही वेगळीच होती. बाकीचे लिहीत, "विलंब: कमाल." हे पान लिही, "इथे उत्तर यायला वेळ लागतो. तोवर पुढची कामं अडवू नयेत, पण उत्तर आलं आहे असं धरूनही चालू नये." पहिलंच पान वाचून त्यानं ते छातीशी धरलं. ही तीच. दुसरं कोण इतक्या मायेनं लिहील?

मग तो प्रश्न पाठवू लागला. प्रश्नही वकीलबाईंच्या हाताखालूनच जात. गरज नसताना विचारलेले प्रश्न वाढले. एकदा धीर करून त्यानं शेवटी एक ओळ जोडली, "आपली पानं वाचायला बरं वाटतं." वकीलबाईंनी त्याला टेबलाशी बोलावलं.

"हे चिपचं वागणं आहे का?" त्यांनी ओळीवर पेन ठेवून विचारलं.

"नाही."

"मग?"

"खोडा," तो म्हणाला. त्यांनी खोडलं, चांगलं दोनदा. त्याचे कान दिवसभर लाल होते.

घरी त्याची थोरली बहीण होती. ती नवऱ्यामागे कॉम्प्युटरचं दुकान चालवी आणि भाऊ वरच्या मजल्यावर राही. सुट्टीच्या दिवशी तो गल्ल्याशेजारी पुस्तक घेऊन बसे. दुकानात वर, नजरेसमोर, थोरलीचे निळे खोके. धाकटीचे खोके काउंटरखाली, झाडूशेजारी.

"ताई, अगं निदान एक तरी वर ठेव," तो म्हणे.

"ठेवते की. आणि थोरलीच्या विक्रीवाल्यानं पाहिलं की माझा माल बंद. तो काय म्हणतो माहितीये? ताई, आमचाच ठेवा, तुम्हाला आधी मिळेल, स्वस्त मिळेल. शेजारच्याला रांगेत उभं करतो. आता तुझ्यासाठी मी दुकानाला टाळं लावू?"

"पण आमचा वेगानं काही कमी नाही."

"तू कोणाला सांगतोस? माझा भाऊ आहेस म्हणून खाली का होईना, ठेवते. बाकी दुकानांतून विचारून बघ." मग हळूच, "त्या पेन्सिलीवालीचं काय झालं?"

"भिंत आहे, ताई."

"भिंत सगळ्यांच्याच घरात असते, राजा. लोक दारानं जातात."

असं चाललं होतं. चिप आकाराला येत होती. घड्याळवाला, म्हणजे चिपचे ठोके सांभाळणारा, रोज फळ्यावर उरलेली कामं पुसे, आणि आता फळ्यावर मुख्यतः भागाकारच उरला होता. त्याचा भागाकार बरोबर यायचा, पण हळू. शाळेतलं मूल करतं तसा: भाग किती वेळा जातो याचा अंदाज घ्या, गुणा, वजा करा, चुकलं तर मागे या. थोरलीची चिप कमी ठोक्यांत तेच कसं करते, हे त्याला उलगडत नव्हतं. "तुझ्यापायी लग्न अडलंय चिपचं," घड्याळवाला म्हणे. "वऱ्हाड दारात, आणि नवरा पाढे म्हणतोय."

आणि एका सकाळी ते पान आलं. शिक्का मारलेलं, नेहमीसारखं. वेळा, शेष, शून्यानं भागलं तर काय. मध्येच एक ओळ: "पहिला अंदाज एका लहानशा तक्त्यात पाहून घेतलेला दिसतो."

त्यानं ती वाचली, आणि त्याच्या डोक्यात सगळी दारं धडाधड उघडली. अंदाज करायचाच नाही. आधीच मांडून ठेवलेल्या तक्त्यात बघायचा. किती सोपं! पुढच्याच क्षणी त्यानं पान उपडं ठेवलं. तक्ता बाहेरून दिसत नाही. तक्ता पोटात असतो. पोट पाहिलेल्यानंच ही ओळ लिहिली होती, वकीलबाईंच्या नजरेतून ती निसटली होती, आणि आता ती त्यानं वाचली होती. वाचलेलं परत न वाचलेलं करता येत नाही.

दिवसभर त्यानं कशाला हात लावला नाही. संध्याकाळी दुकानात ताई खोके कापत होती, तिला त्यानं सगळं सांगितलं.

"मग वापर की," ताई म्हणाली. "कोणाला कळतंय?"

"मला कळलंय."

"तूही अगदी हरिश्चंद्राचा धाकटा भाऊ आहेस. बरं, नको वापरू. गप्प बस, तुझ्या पद्धतीनं कर."

"आता माझी पद्धत कुठली ती मलाच सांगता येणार नाही, ताई. जे सुचेल ते त्या ओळीमुळेच सुचलं असं वाटेल."

"मग सांगून टाक."

ताईनं सुरी खाली ठेवली. "सांगितलंस तर काय होईल?"

"माझं काम बाद. दुसरा कोणीतरी पहिल्यापासून करेल. चिपला उशीर होईल. आणि मी..." त्यानं चष्मा वर सारला. "मी पाहिलेला ठरेन. मला पलीकडच्या खोलीत टाकतील."

"जिथं ती आहे."

"हो."

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तू खरं बोलणार ते खऱ्यासाठी, की तिच्यासाठी?"

"तेच तर कळत नाहीये. तिनंही ती ओळ चुकून लिहिली, की मला बोलावण्यासाठी, तेही कळत नाही."

"कळायचं नाही ते," ताई म्हणाली. "तुझ्यासारख्याला तर जन्मात नाही. हेतू चाळत बसलास तर पीठ काही पडायचं नाही खाली. जे करायचं ते कर आणि जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वकीलबाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि ओळीवर बोट ठेवलं. वकीलबाईंनी वाचलं. त्यांनी शिक्क्यावर बोट फिरवलं. शिक्का त्यांचाच होता.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "का सांगितलंत?"

खरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला. त्याच्या मौनाला त्यांनी प्रामाणिकपणा मानलं असावं, कारण त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्याच्याशी हात मिळवला. त्याला फार लाज वाटली.

दुपारपर्यंत त्याची सगळी पानं कपाटात कुलूपबंद झाली. घड्याळवाल्यानं फळ्यावरचा भागाकार पुसला नाही, उलट त्याखाली दोन रेघा मारल्या. "जा बाबा," तो म्हणाला, "तू स्वर्गात जाशील. आम्ही इथंच पाढे म्हणतो." त्यात चेष्टा थोडी आणि राग पुष्कळ होता, आणि तो राग वाजवी होता.

पाहिलेल्या खोलीची कँटीनची वेळ झाली तेव्हा भागाकारवाला तिथं गेला. खिडकीजवळच्या टेबलाशी ती होती. केसांत थोडी चांदी आली होती, ती रस्त्याच्या पलीकडून दिसली नव्हती.

"या, बसा," ती म्हणाली, मान वर न करता डबा उघडत. "तुम्ही आता आमच्यातले म्हणे."

"हो." त्यानं वाक्य रात्रभर घोटलं होतं, ते आता एकदम बाहेर पडलं. "ती ओळ तुम्ही चुकून लिहिलीत, की मुद्दाम?"

तिनं मान वर केली. "कुठली ओळ?"

"तक्त्याची. भागाकाराच्या पानावरची."

"भागाकार माझ्याकडे कधीच नव्हता हो. तो आजोबांचा." तिनं कोपऱ्यात बोट दाखवलं. निवृत्तीला आलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ संत्रं सोलून समोर ठेवून, न खाता, कपाळाला हात लावून बसले होते. खोलीत सगळे त्यांना आजोबा म्हणत. "सकाळपासून तसेच बसलेत. इतकी वर्षं कधी चूक नाही, आणि जाता जाता ही झाली म्हणून."

"म्हणजे ती सगळी पानं..."

"त्यांचीच. सुंदर लिहितात ना? आम्ही म्हणतो, आजोबा, तुम्ही चुकून इंजिनियर झालात."

भागाकारवाल्यानं समोरचा पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. पेला तिचा होता. तिनं पाण्याच्या जगमधून दुसरा भरून त्याच्यापुढे सरकवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी दिसले की तुम्ही रस्ता का ओलांडायचात?"

"नियम होता ना."

"कुठला?"

"बोलायचं नाही असा."

"कामाबद्दल बोलायचं नाही." तिनं शब्द सावकाश उच्चारले. "एवढंच आहे त्यात. तुमच्या घड्याळवाल्याच्या मुलीच्या लग्नाला आमची अख्खी खोली जेवून आली. वकीलबाई आमच्याच पंगतीला होत्या. तुम्हाला आमंत्रण नव्हतं?"

"होतं. तुम्ही असाल म्हणून मी आलो नाही."

तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. "मला वाटलं, तुम्ही रागावलात. तुमची आई गेली तेव्हा मी भेटायला आले नव्हते. यायचं होतं, पण कोणत्या नात्यानं जायचं ते ठरेना. तुम्ही रस्ता बदललात की मला वाटायचं, त्याचीच ही शिक्षा."

"राग?" तो म्हणाला. त्याला तो नियम आठवला, शब्दन् शब्द. "कामाविषयी" हा शब्द होता तिथं. त्यानं तो वाचलाही होता. पण त्याला भिंत हवीच होती; कंपनीनं घातली नसती तर त्यानं स्वतः घातली असती.

"बरेच दिवस मी त्यावर विचार करायचे," ती म्हणाली. "मग सोडून दिलं. आता तर मी जातेय. महिनाअखेर. थोरलीत."

"थोरलीत?"

"त्यांनी बोलावलं. दुसऱ्या शहरात. इथं दुसऱ्याचं आखलेलं बघून बघून हात आखडलाय माझा. मला आखायचंय. आणि आखायचं तर थोरलीतच, दुसरं आहे कोण?"

धंद्याची रीतच ती होती. थोरली धाकटीची गिऱ्हाइकं नेई, दुकानातल्या फळ्या नेई, आणि माणसंही नेई. आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पण आज भागाकारवाल्याला पहिल्यांदाच थोरलीचा राग आला, एखाद्या हाडामांसाच्या माणसाचा यावा तसा.

"तुम्ही गेलात तर मला आवडणार नाही," तो म्हणाला. आयुष्यातलं हे त्याचं सगळ्यात धीट वाक्य.

तिनं डब्याचं झाकण लावलं. "हे वाक्य वकीलबाईंनी खोडलं नसतं," ती हळू म्हणाली. "पण मी सही करून बसलेय."

महिना संपेपर्यंत ती दोघं रोज एका टेबलाशी जेवली. पाहिलेल्याला पाहिलेल्याशी बोलायला कसलीच आडकाठी नव्हती, म्हणून ती त्याला थोरलीच्या चिपचं पोट समजावून सांगे, टेबलावर बोटानं तारा ओढत, आणि तो तिचं बोट पाहत ऐके. बाकीचं कोणी काढलं नाही. निरोपाच्या दिवशी तिनं सगळ्यांना नव्या घरचा फोन नंबर दिला. त्यालाही दिला.

धाकटीची चिप आली, पण उशिरा. तोवर थोरलीनं जुन्या मालाचे भाव पाडले आणि नवा माल आणला. ताईनं भावाच्या कंपनीचे नवे खोकेही काउंटरखालीच ठेवले, पण झाडू तेवढा हलवला. भागाकारवाल्याला कोणी फार बोललं नाही. न बोलणं त्याला जास्त लागलं.

आता तो पाहिलेल्या खोलीत असतो. थोरलीचा नवा प्रोसेसर बाजारात आला की तो तिथं येतो, उघडला जातो, त्याचे फोटो जमिनीवर पसरतात, आणि भागाकारवाला पायमोजे घालून त्यांवर रांगतो. त्यांत कुठेतरी तिच्याही हाताच्या रेघा असणार. परवा कोपऱ्यातल्या एका भागात त्याला तारांची वळणं जरा ऐसपैस वाटली, उगाच कोंबलेली नाहीत, जणू कोणी शेजारच्या तारेला विचारून वळलंय. तो आणखी खाली वाकला. ही तीच. मग त्याला संत्रं समोर ठेवून बसलेले आजोबा आठवले, आणि तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. हे कोणाचंही असू शकतं. कुणा टक्कलवाल्या गृहस्थाचंही.

तिला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि नेमकं तेच तिला कधीही विचारता येणार नव्हतं. ती तिथं, तो इथं. कामाविषयी शब्द काढला तर दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. या वेळी नियम खराच होता. तो काय काय अडवत नाही, हे मात्र त्यानं आता नीट वाचलं होतं.

रविवारी सकाळी दुकान बंद होतं. त्यानं खालच्या फोनवरून नंबर फिरवला. ताईनं पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन नळ मोठा सोडला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी. भागाकारवाला. सहज केला." त्यानं चष्मा वर सारला. "तुमचं... घर कसं आहे?"

पलीकडून मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "घर ना? काय सांगू तुम्हाला. वरचा माणूस पहाटेपासून ठोकाठोक करतो, आणि खिडकी एकदा उघडली की बंद होत नाही. सारखा वारा येतो. इथं कोणी पंखाही बंद करत नाही हो." ती बोलत होती, आणि भागाकारवाला रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होता. मध्ये ती थांबली की तो म्हणे, "मग?" आणि ती पुन्हा बोलू लागे.